संवादफलक आणि शिक्षक: विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आढावा

विशेष शाळेला देणगीतून किंवा योजनेतून एक टॅबलेट मिळतो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते. चित्रावर बोट ठेवले की मराठीत बोलणारे अ‍ॅप त्यात टाकले जाते आणि एक दिवसाची कार्यशाळा होते. पहिले काही आठवडे मूल आणि ताई दोघेही उत्साहात असतात. पुढे परीक्षा, गॅदरिंग, तपासणी यांची गडबड सुरू होते आणि टॅबलेट कपाटात कुलूपबंद होतो. मूल पुन्हा मान वळवून, हात ओढून, रडून आपले म्हणणे सांगू लागते. या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही हे चित्र नवे नाही.

ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही किंवा बोललेले इतरांना कळत नाही, त्यांच्यासाठी हावभाव, चित्रे, चिन्हे, फलक आणि आवाज देणारी यंत्रे वापरण्याच्या पद्धतीला पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. क्षेत्रातले लोक तिला एएसी म्हणतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता अशा वेगवेगळ्या कारणांनी मुले तिच्याकडे येतात. गेल्या पन्नास वर्षांत साधने झपाट्याने बदलली. ती मुलासमोर ठेवणाऱ्या शिक्षकाची तयारी कशी करावी, ही चर्चा मात्र उशिरा सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिचा आजवरचा प्रवास, त्यातल्या मुख्य भूमिका आणि न सुटलेले प्रश्न या लेखात मांडले आहेत.

पार्श्वभूमी

या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा १९७१ साली टोरांटोत आला. नाझी छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचलेले रसायन अभियंते चार्ल्स ब्लिस चिनी लिपी पाहून प्रभावित झाले होते. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना समजेल अशी चिन्हलिपी त्यांनी तयार केली आणि १९४९मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. टोरांटोतील अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चिन्हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांसमोर मांडली आणि मुले वाक्ये जुळवू लागली. त्या काळी ज्यांना काही कळतच नाही असे धरले जाई, त्यांच्याविषयीचा समज बदलायला यातून मोठी मदत झाली. हे काम मॅकनॉटन या शिक्षिकेच्या पुढाकाराने वर्गात झाले, हेही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

१९८३मध्ये या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना आयझॅक स्थापन झाली. १९८५च्या सुमारास अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र देऊन वस्तू मागण्याची, पेक्स या नावाने ओळखली जाणारी पद्धत विकसित केली. १९८९मध्ये जॅनिस लाइट यांनी संवादक्षमतेची चार अंगे मांडली: भाषेचे ज्ञान, साधन हाताळण्याचे कौशल्य, माणसांशी वागण्याची समज आणि संवाद अडला तर वाट काढण्याची युक्ती. ही चौकट मुलासाठी होती, पण प्रशिक्षणाच्या चर्चेला तिने दिशा दिली. शिक्षकाला फक्त साधन चालू-बंद करायला शिकवले तर चारांपैकी एकाच अंगाला हात लागतो, हे त्यामुळे नेमकेपणाने सांगता येऊ लागले.

भारतात या कामाची पायाभरणी सेरेब्रल पाल्सीच्या संस्थांनी केली. १९७२मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कोलकात्यात सुधा कौल यांनी १९७४मध्ये सुरू केलेली संस्था आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी म्हणून ओळखली जाते आणि एएसीच्या प्रशिक्षणात तिचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. चेन्नईच्या विद्यासागर संस्थेनेही या कामात मोठा वाटा उचलला. मिथू अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन एका बोटाने टंकून लिहिले. लिहिण्याचे योग्य साधन आणि विश्वास ठेवणारी माणसे मिळाली की काय घडते, याचे मुंबईतलेच हे उदाहरण आहे.

साधनेही भारतात तयार झाली. आयआयटी खरगपूरने ‘संयोग’ हे सॉफ्टवेअर केले. चेन्नईत अजित नारायणन यांच्या इन्व्हेन्शन लॅब्जने ‘आवाज’ हे यंत्र आणि पुढे अ‍ॅप आणले. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाचे ‘जेलो’ हे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलते. स्पेनच्या आरागॉन प्रांताच्या सरकारने आरासाक हा चित्रचिन्हांचा मोठा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे, त्यावरून कोणताही शिक्षक फलक छापू शकतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ‘साधनच नाही’ ही मुख्य तक्रार होती. आज साधन मिळण्याच्या वाटा वाढल्या आहेत, त्यामुळे शिक्षकाच्या तयारीचा प्रश्न अधिक ठळक झाला आहे.

कायदा आणि अभ्यासक्रम काय सांगतात

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७मध्ये मान्यता दिली. या कराराच्या शिक्षणविषयक चोविसाव्या कलमात शिक्षकांच्या प्रशिक्षणात संवादाच्या पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश असावा, असे म्हटले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच या पद्धतींना स्थान दिले. त्याच्या सतराव्या कलमाने वाचा, संवाद किंवा भाषेची अक्षमता असलेल्यांसाठी या पद्धतींच्या वापराला चालना देण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

अभ्यासक्रमाची बाजू गुंतागुंतीची आहे. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषद ठरवते. परिषदेच्या २०१५च्या दोन वर्षांच्या विशेष बी.एड. अभ्यासक्रमात एएसी हा स्वतंत्र विषय आहे, पण तो कौशल्याधारित ऐच्छिक विषयांच्या यादीत आहे आणि त्या यादीतून एकच निवडायचा असतो. सांकेतिक भाषा, चलनवलन प्रशिक्षण, अध्ययन अक्षमतेचे व्यवस्थापन हे विषयही त्याच यादीत आहेत. म्हणजे बी.एड. झालेल्या विशेष शिक्षकाने हा विषय घेतलेलाच असेल असे नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. त्या कार्यक्रमांतून ही उणीव भरून निघू शकते, पण तिथेही विषयाची निवड मोकळी असते.

ही स्थिती भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेतील नोकरीपूर्व प्रशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कॉस्टिगन आणि लाइट यांनी २०१०मध्ये लिहिले होते की वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ अशा तिन्ही गटांतल्या अनेकांना एएसीचे फारच तुटपुंजे शिक्षण मिळते. ज्या देशात हे क्षेत्र रुजून तीन-चार दशके झाली होती, तिथलेही चित्र असे होते.

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. सामान्य शाळांतल्या दिव्यांग मुलांची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाकडे असून ती ‘समग्र शिक्षा’ योजनेतील विशेष शिक्षक आणि गटसाधन केंद्रे सांभाळतात. केंद्र सरकारने २०२२मध्ये विशेष शिक्षकामागे विद्यार्थ्यांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा असे ठरवले. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्रस्तरावरचा शिक्षक अनेक शाळांत फिरतो. रोज सहा तास मुलासोबत असलेल्या विशेष शाळेतल्या ताईला जे प्रशिक्षण लागते, ते आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या फिरत्या शिक्षकाच्या गरजेपेक्षा वेगळे असते.

काय बऱ्यापैकी स्थिरावले आहे

मतभेदांकडे जाण्याआधी ज्यांवर बरेच एकमत आहे अशा तीन गोष्टी नोंदवायला हव्यात.

पहिली गोष्ट पालकांच्या सर्वांत मोठ्या भीतीशी संबंधित आहे: यंत्र दिले तर मूल बोलायचा कंटाळा करेल का? मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. ज्यांचा पुरावा सर्वांत भक्कम होता अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ झाली होती आणि उरलेल्यांत फरक पडला नव्हता. वाढ बहुधा लहान होती आणि व्यक्तींची संख्याही थोडी होती, म्हणून ‘यंत्राने मूल बोलू लागते’ असे आश्वासन देता येत नाही. पण साधनामुळे बोलणे खुंटते, या भीतीला आधार मिळत नाही. शिक्षकाला पालकसभेत हेच समजावून सांगावे लागते, म्हणून प्रशिक्षणात त्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्यांनी स्वतः फलकावर बोट ठेवत बोलणे. तान्हे मूल वर्षभर आपले बोलणे ऐकते, मग पहिला शब्द उच्चारते. फलक वापरणाऱ्या मुलाने मात्र तो वापरणारे दुसरे कुणी पाहिलेलेच नसते. ताई ‘चल, बाहेर जाऊ’ म्हणताना फलकावरच्या ‘चल’ आणि ‘बाहेर’ यांवर बोट ठेवत राहिल्या, तर मुलाला त्याची भाषा दिसू लागते. १९९०च्या दशकापासूनचे अनेक अभ्यास या पद्धतीच्या बाजूने आहेत.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाचीच आहे. शिक्षक, मदतनीस, पालक यांना संवादाचे भागीदार म्हणून पद्धतशीर शिकवले, तर मुलांचा संवाद वाढतो. जेनिफर केंट-वॉल्श आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या एकत्रित विश्लेषणाचा हाच निष्कर्ष होता. केंट-वॉल्श आणि डेव्हिड मॅकनॉटन यांनी त्याआधी, २००५मध्ये, आठ पायऱ्यांची रीत सुचवली होती. तीत शिक्षकाचे आजचे वागणे पाहणे, युक्ती समजावणे, करून दाखवणे, ती तोंडी घोकणे, सोप्या प्रसंगात सराव, खऱ्या वर्गात सराव, पुन्हा तपासणी आणि नव्या प्रसंगांत वापर असा क्रम आहे. आपल्या बहुतेक कार्यशाळा तिसऱ्या पायरीवर थांबतात.

मुख्य भूमिका आणि मतभेद

पहिला मतभेद मुलाच्या तयारीविषयी आहे. जुनी भूमिका अशी की मुलाने आधी नजर स्थिर करावी, चित्र आणि वस्तू यांचे नाते ओळखावे, मग साधन द्यावे. तिच्यामागे व्यवहारही होता: साधने महाग, तज्ज्ञ थोडे, मग लाभ होईल त्यालाच आधी द्यावे. १९९२मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय संयुक्त समितीने मांडलेल्या संवाद हक्कनाम्याने, आणि त्याच काळात ब्यूकेलमन व मिरेंडा यांनी मांडलेल्या सहभागाच्या चौकटीने, हा क्रम उलटवला. संवादासाठी पूर्वपात्रता लागत नाही, आणि अडथळे मुलाइतकेच परिसरातही शोधावेत, असे त्यांचे म्हणणे. आज बहुतेक तज्ज्ञ या बाजूला आहेत. तरी वर्गातल्या शिक्षकाचा प्रश्न खरा असतो: सगळ्यांना देणे शक्य नसेल तर सुरुवात कुणापासून करायची? हक्काची भाषा आणि अपुऱ्या साधनांचे वाटप यांची सांगड कशी घालायची, हे प्रशिक्षणात क्वचितच शिकवले जाते.

दुसरा मतभेद शब्दांच्या निवडीचा आहे. पेक्ससारख्या पद्धतीत मागणीपासून सुरुवात होते. बिस्किटाचे चित्र दिले की बिस्कीट मिळते, आणि मुलाला कळते की आपल्या कृतीने माणूस हलतो. पायऱ्या ठरलेल्या असल्याने ही पद्धत शिकवायलाही सोपी आहे. दुसरी बाजू म्हणते की मागणीवरच थांबलेले मूल नकार, तक्रार, गंमत, प्रश्न कधी शिकणार? म्हणून कोणत्याही प्रसंगी कामी येणारे गाभ्याचे शब्द सुरुवातीपासून द्यावेत. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रोजेक्ट कोअरने असे ३६ शब्द निवडून शिक्षकांसाठी विनामूल्य प्रशिक्षण साहित्य तयार केले. व्यवहारात अनेक शिक्षक दोन्हींचा मेळ घालतात. कोणत्या मुलासाठी कुठून सुरुवात करावी, याचा सर्वमान्य नियम नाही.

तिसरा मतभेद कागद की यंत्र, हा आहे. छापून लॅमिनेट केलेला फलक स्वस्त, चार्जिंगची गरज नसलेला, पावसात आणि जत्रेत सोबत नेता येणारा असतो. हात चालत नसेल तर पारदर्शक फलकापलीकडून मुलाची नजर वाचता येते. यंत्राची बाजू अशी की त्याला आवाज आहे. पाठमोऱ्या ताईला, खेळणाऱ्या मित्राला मूल हाक मारू शकते, समोरच्याने फलकाकडे पाहण्याची वाट बघावी लागत नाही. यंत्र वापरणाऱ्यांकडेही ते बिघडल्यावर हाताशी असावा म्हणून कागदी फलक असावा, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत.

चौथा मतभेद जबाबदारीचा आहे. स्पीच थेरपिस्टच्या मते मूल्यमापन आणि साधनाची निवड हे विशेष ज्ञानाचे काम आहे. घाईने निवडलेले साधन मुलाच्या शरीराला किंवा दृष्टीला न जुळल्याने सोडून दिले जाते. विशेष शिक्षकांचे म्हणणे असे की मुलाचा दिवस त्यांच्यासमोर जातो, आणि तालुक्याच्या गावी थेरपिस्ट मिळेपर्यंत वर्षे निघून जातात. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. निवड एकत्र बसून करावी आणि रोजचा वापर शिक्षकाच्या हाती असावा, ही मधली वाट बहुतेक लेखक सुचवतात. ती चालायची तर शिक्षकाला कोणती लक्षणे दिसल्यावर कुणाकडे पाठवायचे, हेही शिकवायला हवे.

पाचवा मतभेद प्रशिक्षणाच्या स्वरूपाचा आहे. कार्यशाळेने एका दिवसात शंभर शिक्षकांपर्यंत पोचता येते. वर्गात येऊन सोबत करणारा मार्गदर्शक चारच शिक्षकांना पुरतो, पण बदल तिथे टिकतो. ऐकलेले ज्ञान वर्गात उतरायला सोबतीचे मार्गदर्शन लागते, हे जॉयस आणि शॉवर्स यांनी सामान्य शिक्षकांविषयी फार पूर्वी मांडले होते. शिक्षकाने मोबाइलवर वर्गातली पाच मिनिटे चित्रित करावी आणि मार्गदर्शकाने ती दुरून पाहून सूचना द्याव्यात, असा मार्ग अलीकडे पुढे येत आहे. मुलांच्या चित्रीकरणाला पालकांची संमती आणि नेटवर्क, या त्याच्या दोन अटी आहेत.

मुलाचे शब्द कोणाचे?

एका बाबतीत मात्र पुराव्याने स्पष्ट कौल दिला आहे. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत मदतनीस मुलाचा हात धरून अक्षरफलकावर मजकूर उमटवतो. १९९०च्या दशकात मदतनीस आणि व्यक्ती यांना वेगवेगळी चित्रे दाखवून चाचण्या झाल्या. उमटलेले शब्द मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे निघाले. अमेरिकेच्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये या पद्धतीविरुद्धची आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. मदतनीस अक्षरफलक समोर धरून सतत सूचना देतो, त्या ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड’बाबतही संघटनेने वापर न करण्याचा सल्ला दिला. या पद्धतींवर भरवसा ठेवणाऱ्या पालकांमागे मुलाच्या क्षमतेवरची निष्ठा असते, आणि तिचा आदर करायला हवा. त्याच निष्ठेपोटी शिक्षकाने हे शिकायचे आहे की मदत हळूहळू कमी कशी करायची आणि शब्द मुलाचाच आहे याची खात्री कशी करायची.

मराठीचा प्रश्न

वर्गात हाती येणारे अनेक फलक इंग्रजी यादीचे भाषांतर असतात, आणि तिथेच अडचणी सुरू होतात. इंग्रजीत ‘आय’ हा एकच शब्द जिथे पुरतो, तिथे मराठीत ‘मी खातो’ पण ‘मला हवं’ असे रूप बदलते. एकाच चित्रावर कोणते रूप लिहायचे? ‘शाळेत’, ‘आईला’ यांतले प्रत्यय वेगळ्या चित्राचे की त्याच चित्राचे? मुलीचे यंत्र ‘मी जातो’ म्हणाले तर ते तिचे बोलणे राहत नाही. आईला ‘तू’ आणि ताईंना ‘तुम्ही’ म्हणायची सवय फलकावर कशी आणायची?

मराठीत काही गोष्टी सोप्याही आहेत. ‘नको’ या एका शब्दात अख्खे वाक्य मावते. ‘हवं’, ‘नको’, ‘अजून’, ‘झालं’, ‘दे’, ‘थांब’, ‘बघ’, ‘काय’ हे शब्द मराठी घरात मुलाच्या कानावर दिवसभर पडतात, आणि फलकाची सुरुवात त्यांपासून करता येते. पण घरी अहिराणी, मालवणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा फलक प्रमाण मराठीत असेल तर तो शाळेतच राहतो. इथे प्रशिक्षणाला शिक्षकाच्या कानावर भिस्त ठेवावी लागेल: घरी जाऊन ऐका, लिहून आणा, मग फलक करा.

अनुत्तरित राहिलेले

आढाव्याच्या शेवटी चार प्रश्न उघडे राहतात. पहिला, प्रशिक्षणात कुणाला घ्यायचे? मुलाला भरवणाऱ्या, शौचालयात नेणाऱ्या मावशींच्या वाट्याला संवादाचे सर्वांत जास्त प्रसंग येतात, पण त्या कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नाहीत. दुसरा, बदलीचा आणि करार संपण्याचा. एका ताईने वर्षभर जमवलेली मुलाची संवादरीत पुढच्या ताईपर्यंत कशी पोचवायची? मुलाची पुस्तिका, चित्रफीत, हस्तांतराची बैठक यांपैकी काय टिकते, हे पाहायचे आहे. तिसरा, पुराव्याचा. उपलब्ध अभ्यास बहुतांशी लहान, इंग्रजी भाषेतले आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे आहेत. एका वर्गात पंधरा मुले आणि एक शिक्षक अशा स्थितीत तेच निष्कर्ष टिकतात का, हे आपल्याकडे तपासावे लागेल. चौथा, मोजमापाचा. किती शिक्षक प्रशिक्षित झाले हे मोजणे सोपे आहे. पण मुलाने दिवसभरात न विचारता, आपणहून किती वेळा काही सांगितले, कुणाला सांगितले आणि त्याला उत्तर मिळाले का, हे मोजायला वेळ आणि तयार नजर लागते. ती नजर शिक्षकाला देणे हा प्रशिक्षणाचा पहिला भाग असावा, असे या आढाव्यानंतर मला मनापासून वाटते.

कारण फलकावर ‘नको’वर बोट ठेवणाऱ्या मुलाची परीक्षा त्या क्षणी संपलेली असते. त्याने सांगितलेले असते. चमचा खाली ठेवायचा की तोंडाकडे न्यायचा, हे आता ताईंनी ठरवायचे असते, आणि मूल पुन्हा कधी बोट उचलेल की नाही हे त्यावर अवलंबून राहते.